मोनेच्या थेम्समधला उजेड येतो कुठून?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराच्या लंडनच्या चित्रांत पूल, धुराडी, पार्लमेंटची इमारत हे सारे जेमतेम ओळखू येते, तपशील जवळजवळ नाहीच, तरीही वेळ सकाळची आहे की संध्याकाळची, हवा कोंदलेली आहे की मोकळी होऊ लागली आहे, हे चित्रासमोर उभे राहताच कळते. ते पाहून आपणही एका नदीकाठच्या शहराचे तैलचित्र तशाच तुटक फटकाऱ्यांनी आणि तशाच निळ्या, जांभळ्या, नारिंगी रंगांत करून पाहिले. चित्र धूसर झाले, पण त्यात उजेड आला नाही, आणि भाव तर त्याहून नाही. तेव्हा दृक्‌प्रत्ययवादी (इंप्रेशनिस्ट) वळणाच्या चित्रात प्रकाश आणि भाववृत्ती नेमकी कशातून येते, असे आपण विचारले आहे.

मी गेली तीसेक वर्षे तैलरंगात निसर्गचित्रे करतो आहे. त्यांतली बरीचशी पाण्याकाठची आहेत, आणि आपल्या हातून झालेली चूक मी स्वतः निदान दहा वर्षे करीत होतो. म्हणून सांगतो : चूक फटकाऱ्यांत नाही आणि रंगांच्या निवडीतही फारशी नाही. आपण इमारती रंगवल्या आणि मग त्यांच्यावर धुके चढवले. मोनेने आधी इमारती आणि आपला डोळा यांच्यामधली हवा रंगवली. इमारती त्या हवेत जिथे थोड्या घट्ट झाल्या, तिथेच त्या दिसतात. हे वाक्य ऐकायला सोपे आहे, पण कॅनव्हाससमोर त्याचा अर्थ काय होतो ते सविस्तर पाहावे लागेल.

सुरुवात उभे राहण्याच्या जागेपासून करू, कारण अर्धे चित्र तिथेच ठरते. मोने १८९९ च्या शरद ऋतूत, १९०० च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये आणि पुन्हा १९०१ च्या आरंभी लंडनला राहिला. थेम्स नदीकाठच्या सॅव्हॉय हॉटेलात पहिल्या वेळी सहाव्या आणि नंतर पाचव्या मजल्यावर त्याच्या खोल्या होत्या. खिडकीतून डावीकडे पाहिले की वॉटर्लू पूल आणि त्यामागे दक्षिण काठावरच्या कारखान्यांची धुराडी दिसत. उजवीकडे चेरिंग क्रॉसचा रेल्वेपूल आणि त्याच्या पलीकडे पार्लमेंटची अंधूक आकृती. डावा पूल तो सकाळी रंगवी, उजवा दुपारकडे. दिवस कलला की तो नदीपलीकडच्या सेंट टॉमस रुग्णालयात जाई आणि तिथल्या सज्जातून, मावळत्या सूर्याला पाठीशी घेतलेले पार्लमेंट रंगवी. नकाशा उघडून हे ताडून पाहा : तिन्ही ठिकाणी तो जिकडे पाहतो आहे, तिकडेच साधारण सूर्य आहे. म्हणजे तिन्ही मालिका प्रकाशाच्या विरुद्ध पाहून केलेल्या आहेत. अशा वेळी इमारतीची आपल्याकडची बाजू सावलीत जाते, दगडाचा आणि विटांचा स्वतःचा रंग पुसला जातो आणि उरतो एक सपाट आकार. तपशील मोनेने गाळला असे आपण म्हणतो, पण खरे तर त्याने अशी जागा आणि अशी वेळ निवडली की तपशील निसर्गानेच गाळून दिला.

याच ठिकाणी आपल्याकडच्या चित्रकाराची पहिली अडचण येते. लंडनमध्ये डिसेंबरच्या भर मध्यान्ही सूर्य क्षितिजापासून जेमतेम १५ अंश वर असतो. मुंबईत त्याच दिवशी तो सुमारे ४८ अंशांवर असतो. लंडनच्या भरदुपारची ती उंची आपला हिवाळी सूर्य उगवल्यानंतर साधारण सव्वा तासातच ओलांडतो. मोनेला जी तिरपी, हवेतून लांबवर गाळून आलेली किरणे महिनोन्‌महिने दिवसभर मिळत होती, ती आपल्याला सकाळी तासभर आणि संध्याकाळी तासभर मिळतात. आपण नदीकाठी सकाळी दहाला पोचला असाल, आणि बहुतेक जण तेव्हाच पोचतात, तर समोर होते ते डोक्यावरून पडणारे, प्रत्येक घाटाची पायरी वेगळी दाखवणारे ऊन. त्या उन्हावर लंडनचे रंग चढवले तर ते उसने दिसणारच.

आता मुख्य गोष्ट. गायक बैठकीला बसण्यापूर्वी आपली पट्टी ठरवतो, आणि मग तार सप्तकात कितीही वर गेला तरी ती पट्टी सोडत नाही. चित्रालाही पट्टी असते. ती रंगांची नसून उजळ-गडदपणाची, म्हणजे टोनची असते. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत दहा पायऱ्या कल्पिल्या, तर वॉटर्लू पुलाच्या धुकट चित्रांतले बहुतेक सारे काम, माझ्या डोळ्यांच्या अंदाजाने, मधल्या चार-पाच पायऱ्यांत उरकलेले आहे. सर्वांत गडद जागादेखील, म्हणजे पुलाच्या कमानींखालची सावली, काळ्याच्या जवळपास जात नाही. कारण डोळा आणि कमान यांच्यामध्ये जी उजळलेली हवा आहे, ती त्या सावलीवर आपला उजेड सांडते. दूरची काळी वस्तू काळी दिसत नाही, ती हवेच्या रंगाची दिसते. आपल्या चित्राचा जो फोटो आपण पाठवला आहे, त्यात मागच्या इमारती फिकट आहेत, पण पुढच्या होडीचा तळ आणि पुलाची खालची कड जवळजवळ काळी आहे. धुके असे निवडक नसते. एवढ्या एका काळ्या रेषेने मागची सारी हवा खोटी पडते, आणि पाहणाऱ्याला वाटते की स्वच्छ काचेतून तो एक पुसट झालेला पडदा पाहतो आहे.

पट्टी अरुंद ठेवण्याचे आणखी एक कारण आहे. निसर्गात सूर्य आणि सावली यांच्या उजेडातला फरक हजारो पटींचा असतो, तर कॅनव्हासवर सर्वांत पांढरा आणि सर्वांत काळा रंग यांच्यात तो काही दहा पटींचाच असतो. त्यामुळे सूर्य सूर्याइतका उजळ रंगवणे कोणालाच शक्य नाही. त्याच्यासाठी दुसरी युक्ती लागते. ती मोनेने लंडनच्या बरीच आधी, फ्रान्समधल्या ल हाव्र बंदराचे १८७२ चे चित्र करताना वापरली होती. हे ४८ बाय ६३ सेंटिमीटरचे छोटे चित्र १८७४ च्या प्रदर्शनात ‘इंप्रेशन, सूर्योदय’ या नावाने लागले, आणि त्याच शब्दावरून एका समीक्षकाने केलेली थट्टा पुढे संपूर्ण चळवळीचे नाव होऊन बसली. आज ते पॅरिसच्या मार्मोतां संग्रहालयात आहे. त्याची चांगली प्रतिमा फोनवर घ्या आणि ती कृष्णधवल करा. नारिंगी सूर्य जवळजवळ नाहीसा होतो. हार्वर्डच्या मार्गारेट लिव्हिंगस्टन या दृष्टीशास्त्रज्ञ बाईंनी हे दाखवून दिले आहे : त्या सूर्याचा टोन भोवतालच्या करड्या आकाशाइतकाच आहे, वेगळा आहे तो फक्त रंग. डोळ्याची जी यंत्रणा उजळ-गडद ओळखून वस्तूची जागा ठरवते तिला तो सूर्य धड सापडत नाही, आणि जी रंग ओळखते तिला तो ठळक दिसतो. म्हणून तो जागच्या जागी थरथरतो आहे असे वाटते.

आपण सूर्यात पांढरा मिसळला आहे. तो अधिक तेजस्वी व्हावा म्हणून मिसळला असणार, पण पांढरा मिसळताच नारिंगीची ऊब उतरली आणि त्याची टिकली झाली. उलट करून पाहायला हवे होते : आकाश सूर्याच्या टोनपर्यंत खाली आणायचे, थोडे करडे-निळसर ठेवायचे, आणि सूर्य मात्र निर्भेळ रंगाचा, एका कुंचल्यात, न घासता ठेवायचा. पार्लमेंटच्या मालिकेत, विशेषतः धुक्यातून ऊन फुटत असलेल्या त्या चित्रात, जे पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे आणि ज्यावर १९०४ हे साल घातलेले आहे, हीच युक्ती आणखी पुढे नेली आहे. तिथे नारिंगी आकाशात आणि पाण्यात तुकड्यातुकड्यांनी आहे आणि इमारत जांभळट निळी. ऊब आणि गारवा शेजारी आले की दोन्ही वाढतात.

पांढऱ्याचा विषय निघालाच आहे तर एक कारागिरीची गोष्ट. मोनेचा पांढरा शिशाचा, म्हणजे जुना सफेता होता. आपल्या पेटीतला बहुधा टायटॅनियमचा आहे, जो चित्रकारांच्या वापरात १९२० च्या सुमारास आला आणि ज्याची दुसऱ्या रंगाला गिळण्याची ताकद सफेत्याच्या कितीतरी पट आहे. पुस्तकात वाचलेल्या प्रमाणात टायटॅनियम मिसळला की सगळे खडूसारखे होते. शिशाचा पांढरा विषारी असल्याने तो वापरा असे मी सांगणार नाही. टायटॅनियम निम्म्याहून कमी घ्या, किंवा झिंक मिसळलेला घ्या, एवढे पुरते. शिवाय धुके पांढरे असते हा समजच सोडून द्यावा. धुके उजेडाच्या रंगाचे असते. सकाळी ते कोमट गुलाबी, ढगाळ दुपारी हिरवट करडे, आणि लंडनमध्ये कोळशाच्या धुराने पिवळे, तपकिरी, कधी जांभळे असे. मोनेने १९०५ साली आपल्या रंगांची यादी एका पत्रात दिली आहे, ती अवघी सहा रंगांची आहे : सफेता, कॅडमियम पिवळा, हिंगूळ (शेंदरी लाल), गडद मंजिष्ठ (गर्द तांबडा), कोबाल्ट निळा आणि व्हिरिडियन हिरवा. काळा नाही, मातकट रंग नाहीत. त्याचे सगळे करडे रंग पांढरा सोडून उरलेल्या पाच रंगांच्या आपापसातल्या भांडणातून आलेले आहेत, आणि म्हणूनच ते मेलेले वाटत नाहीत.

पाण्याबद्दल मात्र थोडे थांबून लिहितो, कारण पाण्याकाठच्या शहराच्या चित्रात निम्मा कॅनव्हास पाण्याचा असतो आणि बहुतेक चित्रे तिथेच बुडतात. पाणी म्हणजे आरसा हे अर्धेच खरे आहे. नजर पाण्याला जितकी निसटती, म्हणजे जितकी सपाट, तितके प्रतिबिंब जास्त. नजर जितकी सरळ खाली, तितका पाण्याचा स्वतःचा रंग जास्त. पाचव्या मजल्यावरून पाहणाऱ्या मोनेला पुलाजवळचे पाणी आकाशाच्या रंगाचे दिसत होते आणि खिडकीखालचे त्यामानाने गढूळ, हिरवट. नदीचा पट्टा वरून खाली असा बदलत नेला की ती आपोआप आडवी पसरते. सगळीकडे एकच रंग लावला की ती भिंतीसारखी उभी राहते. दुसरे असे की गडद वस्तूचे प्रतिबिंब वस्तूपेक्षा थोडे उजळ असते आणि उजळ वस्तूचे थोडे गडद, म्हणजे पाण्यात पट्टी आणखी अरुंद होते. तिसरे, लाटा असल्या की प्रतिबिंब आपल्या दिशेने लांबते. सूर्याच्या बिंबाखाली जो उजेडाचा खांब दिसतो तो असा तयार होतो. त्याच्या कडा रेखायच्या नसतात. आडवे, कमी-जास्त लांबीचे फटकारे एकाखाली एक ठेवायचे आणि मधल्या फटींतून खालचा थर दिसू द्यायचा. जॉन रेनीने बांधलेल्या आणि १८१७ साली खुल्या झालेल्या त्या जुन्या वॉटर्लू पुलाला नऊ कमानी होत्या. आता तो पूल नाही, १९३० च्या दशकात तो पाडला गेला. मोनेच्या चित्रांत प्रत्येक कमान आणि तिची पाण्यातली सावली मिळून एक डोळ्यासारखा आकार होतो आणि खांब कुठे संपला, पाणी कुठे सुरू झाले, हे बऱ्याच चित्रांत सांगता येत नाही. पार्लमेंटच्या चित्रांतही इमारतीचा पाया आणि तिचे प्रतिबिंब एकाच आकारात वितळलेले आहेत. आपण मात्र काठाची रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग ओढली आहे. ती पाच-सहा ठिकाणी हरवू द्या. शहर पाण्यावर तरंगू लागेल.

आता भाववृत्तीकडे येतो. लोक समजतात की दृक्‌प्रत्ययवादी चित्रकार जागेवर बसून क्षण टिपतो आणि भाव त्या क्षणातून आपोआप येतो. लंडनची चित्रे या समजाविरुद्धचा उत्तम पुरावा आहेत. मोनेने खिडकीपाशी कितीतरी कॅनव्हास एकाच वेळी सुरू ठेवले होते आणि उजेड बदलला की त्याला जुळणारा कॅनव्हास शोधावा लागे. मार्च १९०० मध्ये एका रविवारी सकाळी उठून त्याने पाहिले तर धुके औषधालाही नव्हते. तो हादरला, आणि मग हळूहळू चुली पेटल्या, धूर आला, धुके आले, तेव्हा त्याच्या जिवात जीव आला, असे त्याने पत्नीला कळवले आहे. म्हणजे त्याला आवडणारी ती हवा निम्मी माणसांनी केलेली होती. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इंग्लिश चित्रकार टर्नर आणि मोने यांच्या चित्रांतल्या धूसरपणाची सांगड त्या काळच्या हवेतल्या वाढत्या प्रदूषणाशी घातली आहे, तेही या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. (मोनेला मोतीबिंदू होता म्हणून त्याला असे दिसत होते, हे पुष्कळदा ऐकू येते, पण मोतीबिंदूचे निदान १९१२ सालचे आहे, आणि लंडनची चित्रे त्याच्या दहा वर्षे आधीची. हे स्पष्टीकरण इथे चालत नाही.)

१९०१ च्या मार्चमध्ये फुप्फुसाच्या आवरणाला सूज येऊन तो आजारी पडला आणि अर्धवट कॅनव्हासांचा ढीग घेऊन फ्रान्सला, जिव्हेर्नी गावातल्या आपल्या घरी परतला. पुढची तीन वर्षे तो थेम्सपासून दूर, आपल्या चित्रशाळेत ती चित्रे पुरी करीत होता. द्युरां-र्‍युएल या त्याच्या विक्रेत्याने चित्रे मागितली तेव्हा त्याने एकही वेगळे काढून द्यायला नकार दिला, कारण सगळी एकत्र डोळ्यांसमोर असल्याशिवाय त्याला एकावरही काम करता येत नव्हते. शेवटी शंभराच्या आसपास कॅनव्हासांतली ३७ चित्रे १९०४ च्या मे-जूनमध्ये पॅरिसला लागली. यातून मी एवढाच अर्थ घेतो की निरीक्षण खिडकीतले होते, पण भाव हा निर्णय होता, आणि तो नंतर, शांतपणे, एका चित्राशेजारी दुसरे ठेवून घेतलेला होता. या चित्रात सकाळ आळसावलेली ठेवायची की पुलावरच्या गाड्यांची वर्दळ दोन-चार ठिपक्यांनी जागी करायची, हे नदीने त्याला सांगितले नाही.

लंडनच्याच नदीवर काम केलेला त्याचा चित्रकार मित्र व्हिसलर याने दुसरे टोक गाठले. तो रात्री होडीतून हिंडे, दृश्य पाठ करी आणि चित्रशाळेत येऊन सॉससारख्या पातळ केलेल्या रंगाने ते रंगवी. टेट संग्रहालयातले जुन्या बॅटर्सी पुलाचे त्याचे चित्र १८७२ ते १८७५ च्या दरम्यानचे आहे. त्यात पट्टी इतकी खाली आहे की आतषबाजीच्या सोनेरी ठिणग्यांना उजळ दिसण्यासाठी काही कष्टच करावे लागत नाहीत. मोनेने सावल्या वर उचलल्या, व्हिसलरने उजेड खाली आणला. दोघांनीही आवाका आवळला. माझे व्यक्तिगत मत विचाराल तर शिकणाऱ्याने व्हिसलरपासून सुरुवात करावी, कारण मोनेच्या रंगांचा मोह आवरत नाही आणि त्या मोहात टोन हातचा सुटतो.

आपल्या त्या कॅनव्हासचे काय करावे, हेही आपण विचारले आहे. तो टाकून देऊ नका. त्यावरचा फिकट करडा थर आता वाळला आहे आणि वाळलेला फिकट थर ही अशा चित्रासाठी चांगलीच जमीन आहे. आधी पोस्टकार्डाएवढ्या कागदावर फक्त तीन टोनमध्ये, पेन्सिलीने, चित्र पुन्हा बसवा : आकाश आणि दूरचे पाणी एक, शहर दुसरा, पूल आणि त्याची सावली तिसरा. तिसरा टोन मध्यम करड्यापेक्षा फारसा गडद होऊ देऊ नका. मग रंगधानीवर हवेचा एक रंग आधी मिसळून ठेवा, निळा आणि मंजिष्ठ यांचा, किंचित पिवळ्याने मोडलेला, आणि होडीचा तो काळा तळ, पुलाची कड, काठाची रेषा या सगळ्यांवरून तो जवळजवळ कोरड्या कुंचल्याने ओढा. घासू नका, फक्त कॅनव्हासच्या पोताच्या उंचवट्यांवर रंग बसू द्या. खालचे थोडे दिसत राहील, तेच हवे आहे. हा थर आठ-पंधरा दिवस वाळू द्या आणि मग दुसरा, जरा उबदार, तसाच. वरच्या थरात तेल खालच्यापेक्षा कमी होऊ देऊ नका, नाहीतर पुढे तडे जातील.

सूर्य आत्ता खरवडून काढा आणि ती जागा आकाशाच्या टोनने भरून टाका. तो परत कुठे ठेवायचा हे घरात बसून ठरवण्यासारखे नाही. डिसेंबरमध्ये नदीवर धुके धरते तेव्हा उजाडण्यापूर्वी अर्धा तास त्याच जागी, पूर्वेकडे तोंड करून, कॅनव्हास न घेता फक्त वही घेऊन बसा, आणि बिंब धुक्यातून पहिल्यांदा दिसेल तेव्हा एवढेच लिहून ठेवा की ते आकाशापेक्षा उजळ होते की नुसतेच नारिंगी.